काळी माती, भूकंप आणि उपग्रहाचे रडार : बीडकरांनी नकाशा कसा वाचावा

मराठवाड्यात कुठे जमीन हलली की पहिला तासभर फोनाफोनी चालते आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर नकाशे फिरू लागतात. रंगांचे पट्टे, मधोमध लाल डाग आणि खाली ‘उपग्रहाने टिपलेला भ्रंश’ अशी ओळ. असले नकाशे खोटेच असतात असे नाही. उपग्रहावरच्या रडारने जमिनीची सेंटिमीटरभर हालचालही खरोखर मोजता येते. त्या नोंदी फुकट मिळतात आणि घरच्या लॅपटॉपवर उघडताही येतात. घोटाळा होतो तो वाचताना.

बीड जिल्ह्यातले भूगोल-विज्ञानाचे शिक्षक, कॉलेजातली मुलेमुली आणि तालुक्याचे बातमीदार यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. सांगायचे ते एवढेच की आपल्या जिल्ह्याचा रडार-नकाशा हाती आला, तर त्यात भूकंप शोधण्याआधी माती, पाणी आणि हवा शोधा. ती वजा करून काही उरले तरच भ्रंशाचे नाव घ्या. बहुतेक वेळा काहीच उरणार नाही. ‘इथे काही हललेले नाही’ हे आकड्यानिशी सांगता येणे हेही कमी काम नाही, विशेषतः गावात अफवा पसरलेली असताना.

किल्लारीची जमीन कशी मोजली

अंबाजोगाईपासून किल्लारी सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ क्षमतेचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. त्याआधीच्या वर्षी त्या भागात लहान लहान धक्के जाणवले होते, पण दख्खनचे पठार म्हणजे स्थिर जमीन अशीच सगळ्यांची, तज्ज्ञांचीसुद्धा, समजूत होती.

ती समजूत का होती, हे पुढे तिथे खणलेल्या एका भोकाने दाखवून दिले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल बोअर घेतले. त्यात वरचे ३३८ मीटर निव्वळ काळा पाषाण, म्हणजे आपला बेसॉल्ट, लागला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांखाली त्याहून कितीतरी जुना खडक आहे, आणि मोठ्या भूकंपाला जागा देणारे जुने भ्रंश त्या खडकात दडलेले आहेत. वर शेते, बांध, लिंबाची झाडे. डोळ्यांना भ्रंशाचा मागमूस नाही. बीडची स्थितीही हीच. म्हणून कुणी जिल्ह्याच्या नकाशावर ठळक लाल रेघ मारून ‘ही आपली भूकंपरेषा’ म्हणाले, तर ती रेघ कशावरून काढली हे आधी विचारावे.

किल्लारीचा भूकंप मात्र इतका उथळ होता की त्याने जमिनीचा पृष्ठभाग फोडला. गावाजवळच्या शेतांमधून कमी उंचीचा, अर्ध्या मीटरच्या आसपासचा उंचवटा उठला. भूवैज्ञानिकांनी तो पायी फिरून मोजला, त्यावर चर खणून थर तपासले.

यातला कालक्रम चटका लावणारा आहे. युरोपचा ईआरएस-१ हा रडार-उपग्रह जुलै १९९१ पासून आकाशात होता. कॅलिफोर्नियात लँडर्स इथे २८ जून १९९२ ला मोठा भूकंप झाला. दिदिए मासोने या फ्रेंच संशोधकाच्या गटाने त्याच उपग्रहाची भूकंपापूर्वीची आणि नंतरची चित्रे एकमेकांतून वजा केली, आणि भूकंपाने जमीन कशी सरकली याचा पहिला रडार-नकाशा जुलै १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. किल्लारी हादरायला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते.

रडार नेमके काय मोजते

आज सर्वांत सहज मिळणाऱ्या नोंदी युरोपच्या सेंटिनेल-१ या उपग्रहमालिकेच्या आहेत. त्यातला पहिला उपग्रह एप्रिल २०१४ मध्ये गेला. जमिनीपासून सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून तो तिरक्या दिशेने सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतो. रात्र असो, ढग असोत, त्याला फरक पडत नाही. लहरीची लांबी ५.६ सेंटिमीटर. परत आली तेव्हा लहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर होती, हेही तो नोंदवतो. याला फेज म्हणतात.

एक उपग्रह बारा दिवसांनी पुन्हा त्याच वाटेवर येतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात जमीन उपग्रहाच्या जवळ आली किंवा दूर गेली असेल तर फेज बदललेली असते. दोन फेऱ्यांतल्या फेजचा फरक रंगांत मांडला की इंटरफेरोग्राम तयार होतो. रंगांची एक पूर्ण फेरी, म्हणजे निळ्यापासून लालपर्यंत जाऊन पुन्हा निळा, ही २.८ सेंटिमीटर हालचाल. लहर जाऊन-येऊन प्रवास करते म्हणून ५.६ ची निम्मी. भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्चरेषा वाचता येत असतील तर हेही वाचता येते : डागाच्या काठापासून मध्यापर्यंत किती फेऱ्या आहेत त्या मोजायच्या आणि २.८ ने गुणायचे.

सरावासाठी बीडपासून सुरुवात करू नका. आधी एखादा मोठा, गाजलेला भूकंप घ्या. २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा ७.८ चा भूकंप चांगला आहे. काठमांडूच्या परिसरातली जमीन एक मीटरहून जास्त वर आली आणि सेंटिनेलच्या चित्रांत एकात एक गुंतलेले रंगांचे पट्टे स्पष्ट दिसतात. खरा भूकंप रडारमध्ये कसा दिसतो हे एकदा डोळ्यांत बसले की गावाकडच्या नकाशातले रंगीत धुके भूकंप म्हणून खपत नाही.

आता आपल्याकडचे आकडे लावून पाहू. २१ मार्च २०२४ ला हिंगोली-नांदेडच्या पट्ट्यात ४.५ चा धक्का बसला, त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५ चा. परभणी, नांदेडपर्यंत लोक घराबाहेर आले. एवढ्या क्षमतेचा भूकंप दहा किलोमीटर खोलीवर झाला तर पृष्ठभाग किती हलेल, याचा ढोबळ हिशेब केला की उत्तर एका मिलिमीटरच्याही आत येते. रडारला ते दिसत नाही. किल्लारीचा भूकंप ६.२ चा. क्षमतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, त्या हिशेबाने ४.५ आणि ६.२ मध्ये साडेतीनशे पटींचे अंतर आहे. शिवाय किल्लारी उथळ. म्हणून तिथे अर्धा मीटर उचल आली. ढोबळ नियम असा धरा : साडेपाचच्या वरचा आणि उथळ भूकंप असेल तरच रडार-चित्राकडे आशेने पाहायचे. त्याखालच्या धक्क्याचा ‘उपग्रहाने टिपलेला भ्रंश’ कुणी पाठवला तर तो नकाशा शांतपणे बाजूला ठेवायला हरकत नाही. याला अपवाद असतात, पण ते एक-दोन किलोमीटर खोलीवरच्या भूकंपांचे.

लोक आणखी एक विचारतात : भूकंप होण्याआधी ताण साठत असताना जमीन हळूहळू सरकते, ती रडारला दिसत नाही का? हिमालयात, तुर्कस्तानात दिसते. तिथे सरकण्याचा वेग मोठा आहे. आपण ज्या पठारावर बसलो आहोत ते सगळेच्या सगळे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे जात आहे, पण बीड, लातूर, परभणी बरोबरीनेच जातात. रडार मोजते ते एका ठिकाणाच्या तुलनेत दुसऱ्याचे सरकणे. इथे तो फरक इतका बारीक आहे की माती आणि हवेच्या गोंधळात बुडून जातो. तेव्हा या चित्रांवरून भूकंपाचे भाकीत होत नाही. भाकीत कुणीच करू शकत नाही. ‘निसार उपग्रहाने इशारा दिला’ असे कुणी पसरवत असेल तर ते थापा मारत आहे.

बीडची माती फसवते

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि पुण्या-मुंबईत किंवा परदेशात लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तिकांत तो नीट मिळत नाही.

गोदाकाठची गेवराई-माजलगावची काळी कसदार जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषते, सोडते, आणि पृष्ठभाग वर्षभरात सेंटिमीटरांच्या हिशेबाने वरखाली होतो. ही खरीच हालचाल आहे, रडार ती इमानाने टिपते. फक्त तिचा भूकंपाशी काही संबंध नाही. मेमधले चित्र आणि ऑगस्टमधले चित्र घेऊन फरक काढलात तर अर्धा तालुका ‘वर आलेला’ दिसेल. मातीत ओल वाढली की लहर परतण्याची खोलीही बदलते, त्याने फेज आणखी सरकते.

पिकांचे वेगळे. ऊस, कापूस, सोयाबीन यांच्या पानांवरून सेंटिनेलची छोटी लहर परतते. बारा दिवसांत पाने वाढतात, वाऱ्याने हलतात, आणि आधीच्या चित्राशी मेळ उरत नाही. अशा जागी नकाशात मिरी-मोहरी विखुरल्यासारखे रंग दिसतात. त्यांना अर्थ नसतो. किती मेळ आहे हे सांगणारा आकडा शून्य ते एक असा असतो, त्याला कोहेरन्स म्हणतात. ०.४ च्या खालचे सगळे मी तरी फेकून देतो. काही जण ०.३ पर्यंत चालवून घेतात. बीड, परळी, अंबाजोगाईसारख्या गावांच्या वस्त्या, बालाघाटावरची उघडी बरड माळराने, खडकाळ उतार इथे तो आकडा चांगला येतो.

तिसरी गोष्ट हवा. लहर जाताना-येताना वाफेतून जाते आणि थोडी रेंगाळते. दोन दिवसांच्या हवेतल्या आर्द्रतेत वीस टक्क्यांचा फरक असेल तर नकाशात दहा सेंटिमीटरपर्यंतची खोटी हालचाल उमटू शकते. वाफ सखल भागावर जास्त, उंचावर कमी. गोदावरीच्या काठावरून धारूर-अंबाजोगाईकडे चढत जाणारी बालाघाटाची कड मग रंगांत जशीच्या तशी उमटते. उत्साही माणसाला ती लांबलचक भ्रंशरेषा वाटते. नकाशातला रंगबदल डोंगराच्या कडेने वळणे घेत जात असेल तर ती हवा आहे, असे धरून चाला आणि उलट पुरावा मिळाला तरच मत बदला.

सरळ रेघ दिसली तरी घाई नको. पैठणच्या धरणाचा उजवा कालवा माजलगावपर्यंत येतो, अहिल्यानगर-बीड-परळी लोहमार्गाचे नवे भराव आहेत, चौपदरी रस्ते आहेत. नवा भराव काही वर्षे खचत राहतो आणि ते खचणे खरे असते. माजलगाव आणि मांजरा धरणांचे पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या गाळपेराच्या जमिनीत रंग उसळतात. परळीच्या औष्णिक केंद्राचे राखेचे तलाव, डोंगर पोखरणारे खडी क्रशर, हे सगळे नकाशात आपापला ठसा सोडतात. म्हणून नकाशा उघडण्याआधी तालुका पाठ पाहिजे. हे काम हैदराबादच्या तज्ज्ञापेक्षा इथला शिक्षक चांगले करू शकतो.

हाताने करून पाहायचे असेल तर

महागडा संगणक लागत नाही. इंटरनेट मात्र बऱ्यापैकी हवे. सेंटिनेलची एक मूळ फाइल चार जीबीच्या घरात असते, ती उतरवून घरी प्रक्रिया करणे खेड्यातल्या जोडणीवर त्रासाचे. त्यासाठी अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटी ही अमेरिकी संस्था फुकट सेवा देते. नासाच्या अर्थडेटा संकेतस्थळावर खाते उघडायचे, अलास्काच्या ‘व्हर्टेक्स’ या शोधपानावर जाऊन बीडभोवती चौकट आखायची, सेंटिनेल-१ ची ‘एसएलसी’ प्रकारची चित्रे निवडायची आणि जोडी ठरवून इंटरफेरोग्रामची मागणी नोंदवायची. प्रक्रिया त्यांच्या संगणकावर होते आणि तयार नकाशे आपल्याला मिळतात. ते ‘क्यूजीआयएस’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. स्वतः सगळी प्रक्रिया शिकायची असेल तर युरोपीय अवकाश संस्थेचे ‘स्नॅप’ आहे, आणि अनेक वर्षांच्या चित्रांतून संथ हालचाल काढायला ‘मिंटपाय’. ही दोन्हीही फुकट, पण त्यांना वेळ द्यावा लागतो. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून घ्यावीत अशी.

जोडी निवडण्यात अर्धे काम आहे. ज्वारी काढून झाली, रान मोकळे झाले, तेव्हापासून मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंतचा काळ बीडसाठी सर्वांत चांगला. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत. हवा कोरडी, माती कोरडी, पाने नाहीत. लांब मुदतीची तुलना हवी असेल तर एका वर्षाचा मार्च आणि पुढच्या वर्षाचा मार्च घ्या, मार्च आणि सप्टेंबर घेऊ नका. वळवाचा पाऊस पडून गेलेला दिवस टाळा. तो कळण्यासाठी मंडळनिहाय पावसाचे आकडे पाहून ठेवा.

नकाशा आला की पहिल्यांदा कोहेरन्सचा थर उघडा. हालचालीचा थर आधी उघडला की डोळा त्यातल्या लाल रंगावर अडकतो आणि मग माणूस समर्थन शोधत बसतो. कमी मेळाचा भाग झाकून टाकल्यावर काय उरते ते पाहा. मग शून्य कुठे धरले आहे ते शोधा. सगळे आकडे त्या एका बिंदूच्या तुलनेत असतात. तो बिंदू काळ्या रानात पडला असेल तर रान खाली बसले की बाकीचा जिल्हा वर आलेला दिसतो. तो घट्ट खडकावर, डोंगरावरच्या माळावर हलवून घ्या. अधिक-उणे चिन्हाचा अर्थही सोबतच्या माहितीफाइलीत वाचा. काही ठिकाणी अधिक म्हणजे उपग्रहाकडे, काही ठिकाणी उलट.

आता खरी परीक्षा. संशयास्पद डाग दिसला की एका जोडीवर विश्वास ठेवू नका. समजा १ मार्च आणि १३ मार्चच्या जोडीत केजजवळ तीन सेंटिमीटरचा डाग आहे. १३ आणि २५ मार्चची जोडी काढा. तिथे तोच डाग उलट्या चिन्हाने आला तर दोष १३ मार्चच्या हवेचा. मग १ आणि २५ मार्चची थेट जोडी काढा. त्यात डाग नाहीसा झाला तर विषय मिटला. भूकंपाने झालेली हालचाल अशी परत फिरत नाही. भूकंपाच्या आधीची कुठलीही एक तारीख आणि नंतरची कुठलीही एक तारीख घेतलीत तरी ती दिसली पाहिजे, आणि दोन्ही तारखा आधीच्या किंवा दोन्ही नंतरच्या घेतल्यात तर दिसता कामा नये. हा एक नियम पाळला तरी फिरणाऱ्या नकाशांतले बहुतेक गळून पडतील. तीन तारखांची बेरीज-वजाबाकी शून्यावर येत नसेल तर मातीतल्या ओलीचा संशय घ्यावा.

रडार तिरके पाहते, हेही विसरून चालत नाही. त्याला वरखाली आणि पूर्व-पश्चिम हालचाल दिसते. उपग्रह साधारण उत्तर-दक्षिण वाटेने जातो आणि बाजूला पाहतो, त्यामुळे उत्तर-दक्षिण सरकणे त्याच्या नजरेतून जवळजवळ निसटते. किल्लारीत एक बाजू दुसऱ्यावर चढली होती, म्हणजे उचल होती. असा भूकंप रडारच्या सोयीचा. कोयनेचे उलट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तिथली जमीन साधारण उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य रेषेवर आडवी सरकली होती. त्यात सह्याद्रीचे रान आणि कोसळणारा पाऊस. तिथे रडारपेक्षा जमिनीखाली गेलेलेच बरे, आणि कराडच्या भूभौतिकीय प्रयोगशाळेने कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल बोअर घेतलेही आहे.

भारतात रडारचे आकडे घरोघर पोहोचले ते जोशीमठमुळे. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत तिथला एक भाग ५.४ सेंटिमीटर खचला. बातम्यांत त्याचे ‘अख्खे शहर खचणार’ झाले. पुढे तो अहवाल संकेतस्थळावरून काढला गेला. अहवाल दडवून अफवा थांबतात असे मला वाटत नाही. आकडा कुठल्या जागेचा आणि कुठल्या दिशेतला हे लोकांना वाचता आले असते तर जास्त फायदा झाला असता. बातमीदारांनी निदान चार गोष्टी आकड्यासोबत छापाव्यात : दोन तारखा, उपग्रहाचे नाव, हालचाल उपग्रहाच्या दिशेतली आहे की उभी, आणि कशाच्या तुलनेत.

निसारने काय बदलेल

इस्रो आणि नासाचा निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. १२ मीटर व्यासाची जाळीदार अँटेना, बारा दिवसांची फेरी आणि दोन लहरी : नासाची सुमारे २४ सेंटिमीटरची, इस्रोची सुमारे १० सेंटिमीटरची. बीडसाठी यातली लांब लहर कामाची. ती पानांमधून बरीच खाली उतरते, म्हणून उसाच्या, कापसाच्या पट्ट्यातही मेळ टिकण्याची आशा आहे. याच्या नोंदीही खुल्या ठेवण्याचे धोरण आहे. इस्रोच्या नोंदींसाठी ‘भूनिधी’ या संकेतस्थळावर खाते काढून ठेवा. रंगफेऱ्यांचा हिशेब मात्र बदलतो : २४ सेंटिमीटरच्या लहरीत एक फेरी म्हणजे १२ सेंटिमीटर. सेंटिनेलच्या सवयीने २.८ ने गुणत बसलात तर भूकंप चौपट लहान दाखवाल. काळ्या मातीचे फुगणे निसारलाही तितकेच दिसेल. कोहेरन्स सुधारली म्हणून माती थांबत नाही.

जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांच्या बाबतीत मात्र कुठल्याच उपग्रहाकडून अपेक्षा ठेवू नका. निलंगा तालुक्यातल्या हासोरीत २०२२ मध्ये जमिनीतून आवाज येत होते, लोक रात्री बाहेर झोपत होते. असे आवाज बहुधा अतिशय लहान आणि उथळ धक्क्यांचे असतात. ते पकडायला गावात बसवलेले भूकंपमापक यंत्र लागते. अशा वेळी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे यंत्राची मागणी करा. धक्का जाणवला की राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर किंवा ‘भूकंप’ अ‍ॅपवर वेळ, खोली आणि क्षमता पाहा. क्षमता आणि खोली कळली की रडारकडे जायचे की नाही ते तिथेच ठरते.

किल्लारीत माणसे मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. रडारच्या नकाशात घराची भिंत कच्ची आहे की पक्की हे दिसत नाही. शाळेच्या मुलांना घेऊन प्रकल्प करायचाच असेल तर निम्मा वेळ नकाशाला आणि निम्मा गावातली माळवदाची घरे मोजायला द्या.

समजा, उद्या खरोखर मोठा आणि उथळ भूकंप आपल्या भागात झालाच. जखमींचे, निवाऱ्याचे मार्गी लागल्यावर, ज्यांना शक्य आहे त्यांनी शेतात जाऊन नोंद करावी. उपग्रह पुढच्या फेरीला चित्र घेईल आणि तज्ज्ञ त्याचा नकाशा काढतील, पण पृष्ठभागावरच्या खुणा तोवर टिकत नाहीत. एक पाऊस झाला किंवा ट्रॅक्टर फिरला की गेल्या. अडचण ही की काळ्या रानात भेगा नेहमीच असतात. उन्हाने पडलेल्या भेगा चारी दिशांना फाटतात, एकमेकींना मिळून वेड्यावाकड्या चौकटी करतात आणि काळी माती संपून मुरूम लागला की थांबतात. भूकंपाची भेग किंवा उंचवटा एका दिशेने जातो. काळे रान, मुरमाड माळ, बांध, डांबरी रस्ता, पाइपलाइन, जे आडवे येईल त्याला कापत जातो. असे काही दिसले तर मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांश चालू ठेवून दर पन्नास पावलांवर फोटो घ्या, शेजारी पट्टी किंवा काठी ठेवा. कोणती बाजू वर आहे आणि किती ते लिहा. वाकलेली बांधाची ओळ किंवा तुटलेली पाइपलाइन दिसली तर ती किती आणि कुठल्या दिशेने सरकली तेही मोजा, कारण उत्तर-दक्षिण सरकणे उपग्रहाला दिसणार नाही, ते तुमच्या टेपनेच कळेल. शेतमालकाला विचारून तेवढा पट्टा आठवडाभर न नांगरता ठेवा. नोंदी तहसील कार्यालयात द्या आणि एक प्रत जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाकडे पाठवा.